बाटली त्यांची, नाव तुमचं: युरोपात हेंपचा व्हाइट लेबल ब्रँड सुरू करताना

“ताई, हेंप म्हणजे आपली अंबाडीच ना?” नाशिकच्या मावसभावाने फोनवर विचारलं. शब्दकोश उघडला तर त्याचं चुकलं नव्हतं. तिथे हेंपसमोर ताग, अंबाडी असं काहीबाही सापडतं. पण युरोपात ज्याला हेंप म्हणतात ती भांगेचीच वनस्पती, कॅनाबिस सटायव्हा. फरक वाणाचा. नशा आणणारं टीएचसी ज्यांच्यात नगण्य असतं अशा नोंदणीकृत वाणांनाच इथे शेतात जागा मिळते. युरोपियन युनियनच्या शेतीधोरणात ही मर्यादा आधी ०.२ टक्के होती, १ जानेवारी २०२३ पासून ०.३ टक्के झाली. फ्रान्स यातला सर्वांत मोठा उत्पादक. जर्मनीत ही शेती १९९६ साली पुन्हा कायदेशीर झाली.

मी फ्रँकफर्टजवळ राहते. एका मैत्रिणीबरोबर हेंपबियांचं तेल आणि हाताला लावायचा बाम असा छोटा ब्रँड उभा करताना जे कळलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं जर्मनीची आहेत, कारण मला तेच अंगण माहीत आहे. मूळ कायदे मात्र बहुतांशी सगळ्या युनियनला लागू आहेत.

व्हाइट लेबल घेता, म्हणजे नेमकं काय घेता

व्हाइट लेबल म्हणजे कारखान्याचा तयार माल. तोच बाम तुम्हालाही मिळतो, तुमच्यासारख्या आणखी दहा जणांनाही. बदलतं फक्त लेबल. पाककृती तुमच्यासाठी वेगळी बनवून घेतली तर त्याला प्रायव्हेट लेबल म्हणतात. त्यात खर्च, वेळ आणि किमान नग हे तिन्ही वाढतात. व्हाइट लेबलमध्ये कुणी ५० नगांपासून देतं, कुणी ५०० च्या खाली बोलतच नाही.

लोक समजतात की माल दुसऱ्याने बनवला म्हणजे डोकेदुखीही त्याचीच. तिथेच सगळे फसतात. सौंदर्यप्रसाधनांच्या नियमावलीत, म्हणजे १२२३/२००९ मध्ये, जो स्वतःच्या नावाने माल बाजारात आणतो तोच ‘जबाबदार व्यक्ती’ ठरतो. खाद्यपदार्थांच्या ११६९/२०११ या माहिती-नियमावलीतही, ज्याच्या नावाने पदार्थ विकला जातो त्यानेच लेबलाचं उत्तर द्यायचं. सदोष मालाने कुणाला इजा झाली तर बाटलीवर नाव लावणाऱ्याला कायदा निर्मात्याच्याच रांगेत बसवतो. बाटली त्यांची, तेल त्यांचं, पण दारात इन्स्पेक्टर आला तर तो तुमच्या दारात. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीमुळे आहे.

आधी काय विकायचं ते ठरवा, आणि शक्यतो सीबीडीपासून सुरुवात करू नका

हे माझं मत आहे आणि पुरवठादारांना ते अजिबात आवडत नाही, कारण नफा सीबीडीत, म्हणजे हेंपमधल्या नशा न आणणाऱ्या द्रव्यात, दिसतो.

गोंधळ कुठून सुरू झाला ते पाहा. चेक प्रजासत्ताकात अख्ख्या हेंपच्या झाडापासून काढलेलं सीबीडी वापरून फ्रान्समध्ये ई-सिगारेट विकली जात होती. फ्रान्सने खटला भरला, तो कानावेप खटला. १९ नोव्हेंबर २०२० रोजी युरोपियन न्यायालयाने सांगितलं की सीबीडी हा अंमली पदार्थ नाही, आणि एका सदस्य देशात कायदेशीर बनलेला असा माल दुसऱ्या देशाला आरोग्याचं पटण्याजोगं कारण दाखवल्याशिवाय अडवता येणार नाही. बाजारात आनंदीआनंद झाला. पण अंमली पदार्थ नाही म्हणजे खाद्यपदार्थ म्हणून चालतो, असं न्यायालयाने कुठेच म्हटलेलं नाही.

खाण्याच्या बाबतीत वेगळी चाळण आहे, तिचं नाव नॉव्हेल फूड. १५ मे १९९७ पूर्वी युरोपात लक्षणीय प्रमाणात खाल्ला न गेलेला पदार्थ ‘नवा’ मानला जातो आणि विकण्याआधी त्याला मंजुरी लागते. जानेवारी २०१९ मध्ये कॅनाबिनॉइड, म्हणजे सीबीडीसारखी द्रव्यं, असलेले हेंपचे अर्क नॉव्हेल फूडच्या यादीत नवे म्हणून दाखवले गेले. पुढे जून २०२२ मध्ये युरोपियन अन्नसुरक्षा प्राधिकरणाने कळवलं की यकृत, पचनसंस्था, अंतःस्रावी ग्रंथी, मज्जासंस्था आणि मानसिक आरोग्यावरच्या परिणामांची पुरेशी माहिती नाही, त्यामुळे सुरक्षितता ठरवता येत नाही. जर्मनीचं ग्राहकसंरक्षण खातं तर सरळ म्हणत आलं आहे की सीबीडी असलेला विक्रीयोग्य खाद्यपदार्थ त्यांना ठाऊक नाही.

मग दुकानांत सीबीडी तेलाच्या बाटल्या कशा दिसतात? लेबल नीट वाचा. कुठे ‘अरोमा ऑइल’ लिहिलेलं असतं, कुठे ‘तोंडाच्या निगेचं तेल’. शेजारी ड्रॉपर आणि ‘जिभेखाली’ असं सुचवणारं चित्र. ही पळवाट अधिकाऱ्यांना तुमच्याआमच्याइतकीच कळते. ते वस्तू कशी वापरली जाणार ते पाहतात, लेबलावरचं नाव नव्हे.

देशागणिक वारंही फिरतं. फ्रान्सने डिसेंबर २०२१ मध्ये हेंपच्या फुलांच्या विक्रीवर बंदी घातली, पण वर्षभरात, २९ डिसेंबर २०२२ ला, तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती रद्द केली. इटलीत नेमकं उलटं झालं: २०१६ च्या कायद्यानंतर फुलांची दुकानं वाढली, आणि एप्रिल २०२५ च्या वटहुकुमाने फुलांवरच घाला आला. ज्याने सगळी पुंजी फुलांत घातली होती त्याचा विचार करा.

त्या मानाने निवांत माल दोन प्रकारचा. एक, हेंपच्या बिया, त्यांचं तेल, पीठ आणि प्रथिनांची पूड, कारण हे नॉव्हेल फूडमध्ये मोडत नाही. दोन, बियांचं तेल घातलेली क्रीम, बाम, साबण. घटकांच्या यादीत ते ‘कॅनाबिस सटायव्हा सीड ऑइल’ या नावाने येतं. प्रसाधनात सीबीडी घालता येतं, पण ते झाडाच्या कुठल्या भागातून आलं याचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा दरवेळी पुरवठादाराकडून ओढून काढावा लागतो. पहिलं वर्ष त्यात घालवू नका.

पुरवठादार: चकचकीत कॅटलॉग बाजूला ठेवा, बॅचचा कागद मागा

नमुने सगळेच छान पाठवतात. खरी परीक्षा प्रयोगशाळेच्या अहवालाची. ‘वेबसाइटवर आहे’ असं उत्तर आलं तर पुढचा फोन दुसऱ्याला लावा. अहवाल तुम्हाला मिळणाऱ्या बॅचचा हवा, दोन वर्षांपूर्वीच्या नमुन्याचा नव्हे. अहवालावरचा बॅच नंबर आणि बाटलीच्या बुडावरचा नंबर एकच आहे का ते पाहा. प्रयोगशाळा आयएसओ १७०२५ या चाचणी-मानकाप्रमाणे मान्यताप्राप्त आहे का, आणि ती मान्यता याच चाचणीसाठी आहे का, तेही पाहा.

मग टीएचसीची ओळ. बियांत टीएचसी जवळजवळ नसतंच. ते फुलोऱ्यातल्या चिकट राळेतून टरफलाला लागतं. म्हणून बिया किती स्वच्छ करून घाण्यात घातल्या यावर तेलातला आकडा ठरतो. १ जानेवारी २०२३ पासून युरोपात बियांसाठी मर्यादा किलोमागे ३.० मिलिग्रॅम आणि तेलासाठी ७.५ मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा एकट्या टीएचसीची नाही. त्याचं आम्लरूप असलेलं टीएचसीए ०.८७७ ने गुणून त्यात मिळवायचं असतं.

समजा अहवालात टीएचसी ५.२ आणि टीएचसीए ३.० आहे. पहिल्या नजरेला दोन्ही आकडे साडेसातच्या खाली. पण ३.० गुणिले ०.८७७ म्हणजे २.६३, त्यात ५.२ मिळवले की ७.८३. तेल मर्यादेबाहेर. मोजमापातली अनिश्चितता धरून प्रयोगशाळा काय निष्कर्ष देते ते बघावं लागतं, पण इतक्या काठावरचा माल मी तरी घेणार नाही.

मावसभावाचा पुढचा प्रश्न इथेच होता: “उत्तराखंडातून तेल आणून दिलं तर?” उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक हेंपच्या शेतीला वाट करून दिली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआयने बिया, तेल आणि पिठाला खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली, हे खरं. पण भारतातली मर्यादा बियांना ५ आणि तेलाला १० मिलिग्रॅम आहे. म्हणजे वरचं ७.८३ वालं तेल डेहराडूनमध्ये पास आणि हँबर्गच्या बंदरात नापास. शिवाय पेरणीसाठी नसलेल्या हेंपबिया युनियनमध्ये आणायला परवानाधारक आयातदार लागतो. सुरुवातीला युनियनमधलाच माल घ्या. वाण विचारा, जसं बियांसाठी फिनोला, किंवा फेलिना ३२, फ्युचुरा ७५. विचारल्यावर समोरचा अडखळला तर तो नुसता दलाल आहे असं समजा.

तेलाबद्दल आणखी एक. हेंपबियांचं तेल लवकर खवट होतं. पेरॉक्साइडचा आकडा मागा. घाण्याच्या थंड तेलांना कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची मर्यादा १५ आहे, ताजं तेल त्याच्या बरंच खाली असायला हवं. बाटली गडद काचेची घ्या. चव सांगायची तर जवस आणि कारळ्याच्या मधली कुठली तरी. आणि हो, या तेलात मोहरी तडतडवू नका. आमच्याकडे एका काकूंनी ते करून पाहिलं आणि घरभर धूर केला. वरून घ्यायचं तेल आहे हे लेबलावर लिहिण्याचं शहाणपण आम्हाला त्यानंतर सुचलं.

करारात चार गोष्टी लिहून घ्याच: प्रत्येक बॅचचा अहवाल मालासोबत येईल, घटक किंवा त्यांचा स्रोत बदलला तर आधी कळवलं जाईल, पाठवताना किमान किती महिन्यांचं आयुष्य शिल्लक असेल, आणि माल परत मागवावा लागला तर खर्च कोण सोसेल. चौथ्यावर कुरबुर होते. होऊ द्या.

कंपनी, आणि त्याआधी व्हिसा

आपल्या मंडळींपैकी बरेच जण इथे ब्लू कार्डवर, म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, नोकरी करतात. बाजूला धंदा सुरू करायचा तर परदेशी नागरिक कार्यालयाची परवानगी लागते आणि नोकरीच्या ठिकाणीही सांगावं लागतं. हे आधी करा. नंतर केलं तर कार्ड नूतनीकरणाच्या वेळी घाम फुटतो.

बाकी जर्मनीत गेवेर्बे, म्हणजे धंदा, नोंदवणं अर्ध्या तासाचं काम. पण या व्यवसायात वैयक्तिक नावावर धंदा करू नये असं मला वाटतं. युगे ही छोटी कंपनी एका युरोच्या भांडवलावरही निघते, गेएमबेहा या नेहमीच्या मर्यादित कंपनीला २५,००० लागतात. खाद्यतेल विकणार असाल तर स्वतः बाटली न भरताही अन्न व्यावसायिक म्हणून स्थानिक अन्न तपासणी कार्यालयात नोंद हवी. उत्पादन दायित्व विमा घेताना ‘हेंप’ हा शब्द अर्जात स्वच्छ लिहा. लपवलेला शब्द दाव्याच्या वेळी बरोबर सापडतो.

नाव

ट्रेडमार्कसाठी स्पेनमधल्या आलिकांतेचं युरोपियन कार्यालय. ऑनलाइन अर्जाला पहिल्या वर्गाचे ८५० युरो, दुसऱ्याचे ५०, तिसऱ्यापासून प्रत्येकी १५०. प्रसाधनं वर्ग ३ मध्ये, खाद्यतेल २९ मध्ये. पाच टोकदार पानांचं हिरवं चित्र आणि नावात ‘कॅनाबिस’ हा मोह टाळा. ‘कॅनाबिस स्टोअर अ‍ॅमस्टरडॅम’ हे पानाच्या चित्रासहचं चिन्ह सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधक म्हणून नाकारलं गेलं आणि १२ डिसेंबर २०१९ ला युनियनच्या जनरल कोर्टानेही ते नाकारणं योग्य ठरवलं. पेमेंट कंपन्या आणि जाहिरातींचे प्लॅटफॉर्मही ते पान दिसलं की खातं गोठवायला मोकळे असतात, आत नुसता साबण असला तरी.

बामाची फाइल

प्रसाधनासाठी तीन कागद लागतात आणि तिन्ही बाजारात माल येण्याआधी. सुरक्षितता अहवाल, जो पात्र तज्ज्ञाने सही करून द्यायचा. माहितीची फाइल, जी शेवटची बॅच बाजारात आल्यापासून दहा वर्षं सांभाळायची. आणि सीपीएनपी या युरोपियन पोर्टलवर नोंद, जिथे लेबलाचं चित्रही चढवावं लागतं. शिवाय कारखाना आयएसओ २२७१६ या प्रसाधननिर्मितीच्या मानकाप्रमाणे चालतो याचा दाखला.

व्हाइट लेबलमध्ये मूळ बामाचा सुरक्षितता अहवाल पुरवठादाराकडे असतोच. प्रश्न असतो तो तुमच्या नावाने मिळेल का, पूर्ण मिळेल का, की फक्त पहिलं पान. काही कारखाने लेखी कराराने स्वतः जबाबदार व्यक्ती व्हायला तयार असतात. मग लेबलावर पत्ता त्यांचा जातो आणि तुमची बरीच रात्रीची झोप वाचते. मोबदल्यात ते थोडे जास्त पैसे घेतात, आणि घ्यावेत. सुगंध घातलेला बाम असेल तर अ‍ॅलर्जी देणाऱ्या सुगंधी घटकांची वाढीव यादी विचारा: ३१ जुलै २०२६ पासून बाजारात येणाऱ्या नव्या मालाला ती लागू आहे. आम्ही बिनवासाचा बाम निवडला. कंटाळवाणा आहे, पण लेबल छोटं राहिलं.

लेबल, म्हणजे आमची फजिती

तेलाची पहिली ५०० लेबलं आम्ही रद्दीत घातली. मैत्रिणीने सुंदर, नाजूक अक्षरं निवडली होती. छापून आल्यावर पट्टी लावून पाहिलं तर छोट्या एक्स अक्षराची उंची १ मिलिमीटर. खाद्यपदार्थाच्या सक्तीच्या माहितीसाठी ती किमान १.२ लागते, सर्वांत मोठी बाजू ८० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तरच ०.९ चालतं. आमची २५० मिलिलिटरची बाटली त्याहून मोठी होती. तेव्हापासून घरात एक स्टीलची पट्टी कायम टेबलावर आहे.

दाव्यांचं प्रकरण याहून नाजूक. ‘गुडघेदुखीवर रामबाण’ असं काहीही लिहिलंत की तुमचा बाम कायद्याच्या नजरेत औषध होतो, आणि परवाना नसलेलं औषध विकणं हा वेगळाच गुन्हा. हे फक्त लेबलाला नाही, इन्स्टाग्रामच्या पोस्टलाही लागू आहे, आणि खूश ग्राहकाचा अभिप्राय तुम्ही पुन्हा टाकलात तर त्यालाही. सीबीडीसाठी मंजूर असा एकही आरोग्यदावा नाही. बियांच्या तेलाला मात्र एक रस्ता आहे: त्यातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल. दिवसाला २ ग्रॅम घेतल्यास ते कोलेस्टेरॉलची सामान्य पातळी राखायला हातभार लावतं, हा मंजूर दावा आहे. हेंपतेलात ते साधारण १५ ते २० टक्के असतं, म्हणजे मोठा चमचाभर तेलात हिशेब बसतो. शब्द मात्र नियमावलीतलेच वापरा, स्वतःची भर घालू नका.

‘ऑरगॅनिक’ लिहायचं तर पुरवठादाराचं प्रमाणपत्र पुरत नाही. स्वतःच्या ब्रँडने, गोदामातून ऑनलाइन विकता तेव्हा तुम्हालाही नियंत्रण संस्थेकडे नोंद करावी लागते.

आणि वेष्टन. जर्मनीत पहिला पार्सल निघण्याआधी लुसिड या नोंदवहीत नाव हवं आणि कचरा गोळा करणाऱ्या यंत्रणेशी करार हवा. फ्रान्सला माल पाठवायचा तर ट्रिमन हे कचरा वर्गीकरणाचं चिन्ह आणि कचरा वेगळा कसा करायचा ते छापावं लागतं, फ्रेंचमध्ये. प्रत्येक देशाची भाषा, प्रत्येक देशाची नोंद. म्हणून पहिल्या वर्षी एकच देश पुरे.

हिशेब

आकडे उदाहरणादाखल, पण खोटी आशा दाखवणारे नाहीत. बामाची डबी १९.९० युरोला विकली. १९ टक्के व्हॅट वजा जाता हाती १६.७२. डबी ४.२०, लेबल आणि खोकं ०.६०, टपाल आणि पुठ्ठा ५.२०, पेमेंटचं कमिशन ०.८०, फुटतूट आणि परत आलेला माल ०.४०. उरले ५.५२. त्यात जाहिरात, विमा, ट्रेडमार्क, अकाउंटंट. ३०० डब्या विकल्या तर १,६५६ युरो, त्यातले ८५० ट्रेडमार्कलाच गेले.

दोन डब्यांचा संच विकला की टपाल एकदाच पडतं. सगळी गंमत तिथे आहे. दुकानदाराला ८ युरोने दिलं तर डबीमागे साधारण तीन सुटतात, पण जाहिरातीचा खर्च नाही आणि वीस डब्या एका खोक्यात जातात. आमचा अर्धा माल आता दोन योगा स्टुडिओ आणि एका सुट्या किराणा मालाच्या दुकानातून जातो. खाद्यतेलावर इथे व्हॅट ७ टक्केच, पण काचेची जड बाटली टपालात सगळं खाऊन टाकते. दुसऱ्या देशांतल्या ग्राहकांना मिळून वर्षाला १०,००० युरोंपलीकडे विक्री गेली की त्या त्या देशाचा व्हॅट लागतो. १ जुलै २०२१ पासून तो ओएसएस, म्हणजे ‘वन स्टॉप शॉप’ योजनेतून, एकाच ठिकाणी भरता येतो.

पहिली बॅच आल्यावर

खोकी उघडा, बॅच नंबर अहवालाशी ताडून पाहा, प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या तारीख घालून अंधाऱ्या कपाटात ठेवून द्या. कुठल्या बॅचची कुठली बाटली कुणाला गेली याची यादी ठेवा. आमची साधी एक्सेल आहे. महिन्याभराने एक तालीम करा: घड्याळ लावा आणि एका बॅचचे सगळे ग्राहक शोधून काढा. आम्हाला पहिल्यांदा तीन तास लागले, कारण योगा स्टुडिओला दिलेल्या बाटल्या कुणी लिहूनच ठेवल्या नव्हत्या.

नमुने घेऊन मुंबईला जायचा विचार असेल तर सीबीडीची बाटली बॅगेत घालू नका. भारतात १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे, आणि दुबईमार्गे जाणाऱ्यांसाठी तिथले नियम त्याहून कडक. आमच्याकडे तर सीबीडी नाहीच, तरी दुबईत बॅग उघडली तर बाटलीवरच्या ‘हेंप’ या शब्दावर खुलासे देत कोण बसणार? मावसभावाला ब्रँड बघायचाच होता, म्हणून मी त्याच्यासाठी धुऊन वाळवलेली रिकामी बाटली नेली. ती आता त्याच्या टीव्हीशेजारी आहे आणि त्यात मनीप्लांट लावलाय.